गवत आलं कुठून? कागदाला विचारा!

मुलांनो, आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पाऊस पाहुण्यासारखा येतो. अकोल्याच्या घाटाकडे तो चांगला मुक्काम ठोकतो. पण पारनेर, कर्जत, पाथर्डीकडे यायचं म्हटलं की उंबऱ्यावरूनच परत फिरतो! तरीसुद्धा दोन सरी पडल्या, की माळ हिरवा होतो. शेळ्या-मेंढ्या खूश, गुराखी खूश आणि शाळेत येताना मुद्दाम लांबच्या वाटेने येणारी मुलंही खूश.

पण हा हिरवा रंग नेमका कशाचा असतो, हे तुम्ही कधी खाली वाकून पाहिलंय का?

आमच्या शाळेजवळ एक गायरान आहे. त्याच्या अर्ध्या भागावर दर वर्षी एक झाड गर्दी करतं. गाजरासारखी कातरलेली पानं, गुडघ्याएवढी ते कमरेएवढी उंची आणि वर साबुदाण्यासारखी पांढरी पांढरी फुलं. ओळखलंत ना? बरोबर! गाजर गवत. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं. रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, बांधावर, एस.टी. स्टँडच्या मागे, सगळीकडे हे महाशय हजर!

आज मी तुम्हांला या गवताची गोष्ट सांगणार आहे. आणि तिच्याबरोबर माझ्या एका चुकीचीही.

‘बाई, ते बी कुणी पाहिलं?’

दर वर्षी ऑगस्टमध्ये, १६ ते २२ तारखेला, देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. आम्हीही शाळेत पाळतो. अशाच एका सप्ताहात मी चौथीच्या वर्गाला सांगत होते, “स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे धान्याची टंचाई होती. तेव्हा अमेरिकेतून जहाजं भरभरून गहू आला. त्या गव्हात या गवताचं बी होतं. अशा रीतीने हे गवत भारतात आलं.”

हे मी लहानपणी ऐकलं होतं, डी.एड.ला असतानाही ऐकलं होतं आणि दर वर्षी तसंच्या तसं सांगत आले होते. त्या दिवशी मात्र मागच्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली,

“बाई, ते बी कुणी पाहिलं?”

सगळा वर्ग हसला. आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, “सगळ्यांना माहीत आहे ते. बस खाली.”

घरी गेले तरी तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्याला कारण होतं. त्या मुलीची आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपणीला जाते. गाजर गवत उपटून उपटून तिच्या हातांना आणि मानेला खाज सुटली होती, कातडी लाल होऊन सुजली होती. रात्र रात्र झोप नाही. शेवटी आरोग्य केंद्रात जावं लागलं. ‘पुन्हा त्या गवताला हात लावू नका,’ असं डॉक्टरांनी सांगितलं. पण खुरपायला जायचं नाही, तर रोज कुठून मिळणार? आजोबांची मेंढरं आहेत. त्यांना चरायला गायरानच उरलेलं नाही. म्हणजे त्या मुलीचा प्रश्न गंमत म्हणून विचारलेला नव्हता. आपल्या घरात हे दुखणं कुणी आणून टाकलं, हे तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आणि मी तिला खाली बसवलं!

मग मी ठरवलं, उत्तर शोधायचं. नीट शोधायचं.

नाव गवत, पण गवत नव्हे!

पहिली गंमत तर अशी कळली, की गाजर गवत हे मुळी गवतच नाही!

खरं गवत ओळखायची सोपी खूण सांगते. ज्वारीचं ताट आठवा. त्याला पेरं असतात. प्रत्येक पेऱ्यापाशी पान निघतं आणि ते आधी ताटाला म्यानासारखं गुंडाळून बसतं. पान लांब, पट्टीसारखं आणि त्यावरच्या शिरा रूळांसारख्या एकमेकींना समांतर. ज्वारी, बाजरी, गहू, ऊस, इतकंच काय बांबूसुद्धा या अर्थाने गवतच! सगळी एकाच कुळातली भावंडं.

आता गाजर गवताकडे पाहा. पेरं नाहीत, म्यान नाही, पान कातरलेलं. ते आहे सूर्यफूल आणि झेंडूच्या कुळातलं. त्याचं शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. त्याचं मूळ गाव अमेरिका खंडात, मेक्सिकोच्या आखाताच्या आसपासच्या मुलखात. एका चांगल्या वाढलेल्या झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया धरू शकतात. बी इतकं बारीक, की वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर, गाडीच्या चाकाच्या चिखलाबरोबर, शेणखताबरोबर कुठंही जातं. त्याच्या अंगात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. त्याने माणसाच्या कातडीला त्रास होतो आणि आजूबाजूच्या दुसऱ्या रोपांची वाढही खुंटते. परागकणांमुळे काही जणांना शिंका आणि दमा होतो. जनावरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. चाऱ्यातून पोटात गेलंच, तर दुधाला कडवट चव येते.

पण हे सगळं झालं त्याच्या स्वभावाचं वर्णन. ते आलं कधी? हे सांगणार कोण? झाडाला काही जन्मदाखला नसतो!

असतो, मुलांनो. निदान हजेरीचा दाखला तरी असतो. तो कुठं असतो, ते पाहायला आपल्याला एका कपाटापाशी जावं लागेल.

वाळलेल्या झाडांचं कपाट

पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी संस्थेचं केंद्र आहे. ते १९५५ साली सुरू झालं. मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नावाचा असाच एक संग्रह आहे. उत्तरेत देहरादूनला वन संशोधन संस्थेतही आहे. या संग्रहांना म्हणतात हर्बेरियम.

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं ग्रंथालय. तिथं पुस्तकांऐवजी जाड कागद रचून ठेवलेले असतात. साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २८-२९ सेंटिमीटर रुंद. प्रत्येक कागदावर एक झाड किंवा त्याची फांदी, दाबून सपाट केलेली, वाळवलेली आणि चिकटवलेली. खालच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर झाडाचं नाव, कुठं सापडलं ते गाव, कोणत्या तारखेला सापडलं, कुणी गोळा केलं आणि गोळा करणाऱ्याचा क्रमांक.

तुम्ही वहीत पिंपळाचं पान ठेवून जाळी करता ना? त्याचाच हा मोठा भाऊ. फरक इतकाच, की तुमच्या पिंपळपानावर तारीख नसते!

ही युक्ती जवळजवळ पावणेपाचशे वर्षांपूर्वीची आहे. सोळाव्या शतकात इटलीत लुका गिनी नावाचे एक गृहस्थ विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती शिकवीत असत. हिवाळ्यात झाडं वाळून जात, मग शिकवायचं कसं? त्यांनी झाडं दाबून, वाळवून कागदाला चिकटवायला सुरुवात केली. युक्ती काढणारे शेवटी शिक्षकच हं!

आपल्या भागातल्या खऱ्या गवतांवरही असं फार मोठं काम झालं आहे. फादर ब्लॅटर आणि मॅकॅन या दोघांचा मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचा जाडजूड ग्रंथ १९३५ साली निघाला. त्यातली चित्रं आर. के. भिडे यांनी काढली होती. आपल्या जिल्ह्यातल्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ प्रधान आणि सिंग या शास्त्रज्ञांनी १९९९ साली प्रसिद्ध केला. अशी पुस्तकं नुसती आठवणीवर लिहिता येत नाहीत. आधी उन्हातान्हात डोंगर-माळ तुडवावे लागतात, झाडं गोळा करावी लागतात, कागद तयार करावे लागतात. मग पुस्तक.

टेबलावर तीन कागद

आता आपण गुप्तहेर होऊ या. माझ्या शोधात मला जे सापडलं, ते तुमच्यापुढे तीन कागद म्हणून ठेवते.

कागद पहिला. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. पुण्यात सापडलेली ही वनस्पती भारतासाठी नवी नोंद आहे, असं त्यात सांगितलं होतं. पुण्यात उकिरड्यांवर तुरळक उगवलेली ही झाडं त्याच्या काही वर्षं आधीच दिसली होती. म्हणजे गाजर गवताची ही प्रसिद्ध नोंद झाली ती आपल्या शेजारच्या जिल्ह्यात!

कागद दुसरा. अमेरिकेच्या ज्या योजनेतून आपल्याकडे सर्वांत जास्त गहू आला, तिचं नाव पी.एल. ४८०. त्यासाठी भारताचा अमेरिकेशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. आता तारखा जुळवून पाहा. झाड पुण्यात आधी दिसलं आणि करार नंतर झाला! म्हणजे ‘पी.एल. ४८० च्या गव्हातून पहिल्यांदा आलं’ हे काही जुळत नाही. पण थांबा. त्याआधी १९५१ साली अमेरिकेने भारताला गव्हासाठी कर्ज दिलं होतं आणि तेव्हाही गहू आला होता. मग त्यातून आलं असेल का? असू शकेल.

कागद तिसरा. हा खरा चकित करणारा आहे. १९७८ साली बेनेट, नैथानी आणि रायझादा या तिघा शास्त्रज्ञांनी या वनस्पतीचा भारतातला इतिहास तपासला. तेव्हा देहरादूनच्या हर्बेरियममध्ये गाजर गवताचा एक वाळलेला नमुना निघाला. गोळा करणाराचं नाव ब्रँडिस. हे ब्रँडिससाहेब म्हणजे इंग्रजांच्या काळातले भारताच्या वनखात्याचे पहिले मुख्य अधिकारी. आणि साल? १८८०!

अठराशे ऐंशी, मुलांनो! ना गव्हाची जहाजं, ना करार, ना स्वातंत्र्य. लोकमान्य टिळक आणि त्यांचे सहकारी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू करत होते, त्या वर्षातला तो कागद. आणि तो कपाटात गप्प पडून होता. जवळजवळ शंभर वर्षं.

बाईंचं चुकलं होतं

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि सांगितलं, “मागे मी तुम्हांला जे अगदी खात्रीने सांगितलं होतं, त्यात माझं चुकलं होतं. आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी खाली बसवलं, तिथं तर जास्तच चुकलं.”

वर्ग शांत झाला. मग ती मुलगीच म्हणाली, “म्हणजे ते गव्हातून आलंच नाही ना बाई?”

“तसंही म्हणता येणार नाही,” मी म्हटलं.

“असं कसं?”

हे मात्र नीट समजून घ्या, कारण मोठी माणसंसुद्धा इथं घसरतात. हर्बेरियमचा कागद एक गोष्ट पक्की सांगतो : हे झाड या दिवशी या माणसाच्या हाती होतं. त्याच्या आधी ते नव्हतं, असं तो सांगत नाही. कुणी गोळा केलं नसेल, इतकंच. ते कसं आलं, हेही तो सांगत नाही. आणि तेव्हा आलेल्या झाडाचीच पोरं-नातवंडं पुढे सगळीकडे पसरली, असंही तो सांगत नाही. एखादी वनस्पती एकदा येऊन कुठंतरी कोपऱ्यात राहू शकते आणि सत्तर वर्षांनी पुन्हा नव्याने येऊन धुमाकूळ घालू शकते. गव्हाबरोबर बी आलं असणं शक्य आहे. पण ‘पहिल्यांदा तेव्हाच आलं’ असं छातीठोकपणे म्हणायला आता जागा नाही.

तेव्हा आमच्या वर्गाने एक नियम केला. कुणी काही खात्रीने सांगितलं, की विचारायचं : कागद कुठं आहे? अर्थात, आदराने विचारायचं. आणि बाईंनाही विचारायचं!

आजोबांचं अंजन

त्याच आठवड्यात त्या मुलीचे आजोबा शाळेत आले. हातात गवताचा पेंढा. म्हणाले, “बाई, पोरगी म्हणली तुम्ही गवताचं शिकवताय. त्या गाजर गवताचं काय शिकवायचं? हे घ्या खरं गवत.”

ते होतं अंजन. आपल्या कोरड्या माळावरचं अस्सल गवत. तुऱ्याकडे पाहिलं, तर बाटली धुवायच्या ब्रशाची आठवण यावी. जरासा जांभळट, मऊ केसाळ तुरा. त्यातले दाणे केसांच्या गुच्छात बसलेले असतात. ते मेंढीच्या लोकरीला चिकटतात, वाऱ्यावर उडतात आणि नव्या जागी रुजतात. मुळं खोल जातात, म्हणून पाऊस ओढ देतो तेव्हाही अंजन तग धरतं. जनावर चवीनं खातं. राजस्थानच्या वाळवंटी भागासाठी जोधपूरला जी शेती संशोधन संस्था आहे, तिनेही कुरणांसाठी अंजनाची शिफारस केलेली आहे. शास्त्रीय नाव सेंक्रस सिलिॲरिस.

“माझ्या लहानपणी या गायरानात हेच होतं,” आजोबा म्हणाले. “गाजर गवत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मेंढरं घेऊन भीमेकडे गेलो, तवा बी नव्हतं. मागनं आलं. कवा आलं, ते काय टिपून ठेवलं नाही बघा.”

टिपून ठेवलं नाही! नेमकी हीच तर अडचण. आजोबांची आठवण खरी आहे, मोलाची आहे. पण ती आजोबांबरोबरच राहणार.

आपलं गवत, तिकडे खलनायक!

आता गोष्टीतलं सर्वांत मोठं वळण.

मी अंजनाची माहिती शोधू लागले आणि मला अमेरिकेतल्या एका वाळवंटाची गोष्ट सापडली. अमेरिकेचं ॲरिझोना राज्य आणि मेक्सिकोचा सोनोरा प्रांत यांत पसरलेलं हे सोनोरन वाळवंट. तिथं सवारो नावाचं निवडुंग असतं. चित्रांत पाहिलं असेल, हात वर करून उभ्या असलेल्या माणसासारखं. ते दीडशे वर्षंही जगतं. त्याला पहिला ‘हात’ फुटायलाच पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात!

विसाव्या शतकात तिथल्या लोकांना गुरांसाठी कमी पाण्यावर येणारा चारा हवा होता. १९३० नंतर त्यांनी निरनिराळ्या देशांतली गवतं आणून लावून पाहिली. त्यांत एक गवत फारच छान आलं. ते होतं आपलं अंजन! म्हणजे जात तीच. पण सर्वांत गाजलेलं बी आपल्याकडचं नव्हतं, ते आफ्रिकेतल्या केनिया देशाच्या तुर्काना भागातलं होतं. कारण अंजनाचं मूळ घर आफ्रिकेपासून भारतापर्यंत पसरलेलं आहे. १९४६ पासून टेक्सास राज्यात हे बी शेतकऱ्यांना मिळू लागलं. पुढे मेक्सिकोत तर वाळवंटातली झाडं तोडून अंजनाची कुरणं केली गेली.

आणि मग अंजन कुरणातून बाहेर पडलं.

सोनोरन वाळवंटात दोन झुडपांमध्ये मोकळी जमीन असते. त्यामुळे आग लागली तरी ती पसरत नाही. अंजनाने ती मोकळी जागा भरून टाकली. उन्हाळ्यात वाळलेलं अंजन म्हणजे पसरून ठेवलेला पेंढाच! एक ठिणगी पडली, की सगळा डोंगर पेटतो. अंजनाची खोल मुळं जिवंत राहतात आणि पुढच्या पावसात ते पुन्हा हिरवं होतं. दीडशे वर्षांचं सवारो मात्र गेलं ते गेलंच.

टूसॉन शहरात टुमामॉक नावाची एक टेकडी आहे. तिथं १९०३ पासून वाळवंटाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे. शास्त्रज्ञांनी १९८३ साली त्या टेकडीवर कोणती परकी झाडं कुठं आहेत, याची नोंद केली. २००५ साली पुन्हा तीच पाहणी केली, तेव्हा अंजन कितीतरी जास्त पसरलेलं दिसलं. जुनी नोंद होती म्हणून फरक मोजता आला! त्याच २००५ साली ॲरिझोना राज्याने अंजनाला उपद्रवी तण ठरवलं. आज तिथले स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी डोंगर चढून अंजन उपटतात. आपण इकडे गाजर गवत उपटतो ना, अगदी तसंच!

गंमत पाहा. गाजर गवताचं माहेर मेक्सिकोच्या आखाताजवळ, टेक्सासच्या बाजूला. तिथून ते इकडे आलं आणि आपली गायरानं गिळली. आणि आपल्या घरचं अंजन तिकडे गेलं आणि त्यांचं वाळवंट पेटवू लागलं. ऑस्ट्रेलियातही ते पोचलं आहे. १८७० च्या सुमारास उंटांच्या खोगिरात भरलेल्या गवतातून त्याचं बी तिथं गेलं, असं मानलं जातं.

हे ऐकून वर्गातला एक मुलगा म्हणाला, “मग वाईट कोण बाई? गाजर गवत का अंजन?”

मी उत्तर द्यायच्या आतच ती मुलगी म्हणाली, “कुणीच नाही. घर चुकलं.”

मी पुढे काहीच बोलले नाही. बोलायला उरलं तरी काय होतं? प्रत्येक झाडाला आपल्या गावी खाणारे किडे असतात, शेजारी असतात, भांडणारे असतात. परक्या मुलखात ते कुणीच नसतात. म्हणून तर १९८३ साली आपल्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून गाजर गवत खाणारा एक भुंगा बंगलोरला आणला. तो दुसऱ्या पिकांना त्रास देत नाही ना, हे तपासून १९८४ मध्ये तो सोडला. आता तो पुष्कळ ठिकाणी दिसतो. पावसाळ्यात गाजर गवताच्या पानांची चाळण झालेली दिसली, तर त्याला मारू नका हं! तो आपल्या बाजूचा आहे.

आमचा मुका कागद

मग आम्ही ठरवलं, आपल्या गायरानाचं हर्बेरियम करायचं. पहिला मान अर्थातच अंजनाचा. मुलांनी मुळासकट एक छान ठोंब आणला, तुऱ्यासह. रद्दी वर्तमानपत्रात ठेवला, वर विटा ठेवल्या, रोज कागद बदलला. आठ-दहा दिवसांनी तो इतका सुंदर वाळला, की काय सांगू! जाड कागदावर लावला. वळणदार अक्षरात नाव लिहिलं. शाळेत पाहुणे आले की आम्ही तो कौतुकाने दाखवायचो.

पुढच्या वर्षी एका मुलाने विचारलं, “बाई, हे कधी आणलं होतं?”

आम्ही पाहिलं, तर तारीखच नाही! ऑगस्ट होता की सप्टेंबर? कुणी म्हणे पोळ्याच्या आधी, कुणी म्हणे नंतर. गायरानात नेमकं कुठून आणलं, त्यावरही दोन मतं. परत जाऊन पाहावं, तर त्या बाजूला शेततळ्याच्या खोदाईची माती पडलेली. तिथं आता अंजन नाही. आहे ते गाजर गवत.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. दिसायला सुंदर आहे, पण मुका आहे. ब्रँडिससाहेबांचा कागद शंभर वर्षांनी बोलला, कारण त्यावर साल होतं. आमचा एका वर्षात गप्प झाला. आणि यात दोष मुलांचा नव्हे, माझा. चिठ्ठी तपासायचं काम माझं होतं.

तुम्हीही करा, पण असं करा

तुमच्या गावच्या माळाचं, शाळेच्या आवाराचं किंवा शेताच्या बांधाचं हर्बेरियम तुम्हीही करू शकाल. खर्च जवळजवळ काहीच नाही.

१. आधी बाईंना, सरांना किंवा आई-बाबांना सांगा. रान दुसऱ्याचं असेल, तर विचारून जा. अभयारण्यात मात्र काहीही तोडायचं नाही. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य काळविटांसाठी आहे. तिथलं गवत त्यांचं जेवण आहे.

२. जे भरपूर आहे तेच घ्या. एक-दोनच झाडं असतील, तर त्यांना हात लावू नका, वहीत चित्र काढा.

३. गाजर गवताला उघड्या हाताने अजिबात हात लावू नका. त्याचा नमुना घ्यायचाच असेल, तर मोठ्या माणसाने हातमोजे घालून, नाका-तोंडाला रुमाल बांधून घ्यावा.

४. गवत घेताना मुळं, पानं आणि तुरा तिन्ही घ्या. तुऱ्याशिवाय गवत ओळखणं फार अवघड.

५. झाड उपटायच्या आधी वही उघडा! तारीख, गाव, नेमकी जागा, आजूबाजूला काय आहे, फुलांचा रंग आणि तुमचं नाव तिथल्या तिथं लिहा. घरी जाऊन लिहू म्हणाल, तर आमच्यासारखी फजिती होईल.

६. वर्तमानपत्राच्या घडीत झाड नीट पसरून ठेवा. वर विटा किंवा जड पुस्तकं ठेवा. पहिले काही दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते.

७. पूर्ण वाळल्यावर जाड कागदावर दोऱ्याने टाका किंवा डिंकाने चिकटवा. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावा.

८. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना झाड दाखवा आणि त्याचं गावातलं नाव विचारा. तेही चिठ्ठीवर लिहा. अशी कितीतरी नावं फक्त आजी-आजोबांनाच ठाऊक असतात.

पालकांना एक विनंती. मूल घरी झाडं, माती, रद्दी घेऊन आलं, तर ‘काय हा पसारा!’ म्हणून फेकून देऊ नका. आणि गाजर गवत काढायचं असेल, तर फुलं यायच्या आधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट काढा. फुलं आल्यावर उपटून ओढत नेलं, तर आपण स्वतःच त्याचं बी पेरत जातो. मोकळी जागा रिकामी ठेवू नका, टाकळा वाढू द्या. तो गाजर गवताला दाबून टाकतो.

शेवटची चिठ्ठी

गेल्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा सुरुवात केली. ती प्रश्न विचारणारी मुलगी आता हायस्कूलला गेली आहे. पण एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती आली. हातात वर्तमानपत्राची घडी होती. तिच्या वस्तीवर, विहिरीच्या वरच्या अंगाला थोडं अंजन उरलंय, तिथला एक ठोंब. आईसुद्धा बरोबर होती. आईच्या हातांवरचे डाग अजून पूर्ण गेलेले नाहीत. पण आता खुरपणीला जाताना ती जुन्या साडीच्या चिंध्या हातांना गुंडाळते.

मुलीने चिठ्ठी आधीच लिहून आणली होती. नाव, गाव, जागा, तारीख, सगळं. आजोबांनी सांगितलेली आठवणही मागच्या बाजूला लिहिली होती. एकच जागा कोरी होती, ‘गोळा करणार’ या शब्दांपुढची.

“इथं कुणाचं नाव घालू बाई?” तिनं विचारलं.

“कुणी उपटलं?”

“आईनं.”

“मग आईचंच घाल.”

आईने पेन हातात घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत आपलं नाव लिहिलं. तो आमच्या हर्बेरियममधला कागद क्रमांक दोन. आणखी पन्नास वर्षांनी कुणी विचारलं, की या गायरानात अंजन होतं हे कुणी पाहिलं, तर उत्तर तयार आहे.

मग मुलांनो, तुमच्या माळावरच्या पहिल्या कागदावर कुणाचं नाव असणार? आणि हो, तारीख विसरू नका!